हस्ताचा पाऊस आणि झुडपी वाटा : वाचकांचे प्रश्न

पोळा ते कोजागिरी हा नागपूरच्या आसपास पायी हिंडण्याचा सर्वांत चांगला काळ आहे आणि पावसाच्या भीतीने तो वाया घालवू नये, असे मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी हुरूप दाखवला, काहींनी काळजी व्यक्त केली, एकदोघे तर रागावलेही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेते आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावे गाळून फक्त वस्ती ठेवली आहे.

मनीषनगर : मॅडम, आम्ही दोघे साठीच्या घरात आहोत. तुमचा लेख वाचून मला लगेच निघावेसे वाटले. पण हे म्हणतात, हस्ताचा पाऊस भिंती पाडणारा असतो, त्यात कशाला चिखल तुडवायचा? दिवाळीनंतर कोरड्यात जाऊ. कोणाचे खरे?

तुमचे खरे. दिवाळीनंतरचे रान मलाही आवडते, पण ते दुसरेच रान असते. आज पांधणीच्या, म्हणजे शेतांमधल्या गाडवाटेच्या, दोन्ही अंगांना तरोटा पिवळा फुलून उभा आहे, तो तोवर वाळून गेलेला असेल. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे विरलेले असतील. नाल्याच्या काठावरचा तेरडा संपलेला असेल. आणि खुळखुळ्यावरची फुलपाखरे तर हमखास चुकतील. मुरमाड माळावर खुळखुळ्याचे एखादे मोडलेले, सुकत चाललेले झुडूप दिसले तर तिथे थांबा. ऊन पडले असेल तर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातीची फुलपाखरे त्याला लगडलेली दिसतील. फुले नसतानाही ती सोंड लावून बसतात, कारण त्यांना मध नको असतो. सुकलेल्या पानांतून आणि देठांतून येणारा कडू रस ती शोषत असतात. त्यात बहुतेक सगळे नर. त्या रसातल्या द्रव्यांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात, आणि ती विषारी द्रव्ये अंगात मुरल्याने पक्षीही त्यांच्या नादी लागत नाहीत. ती आपल्या कामात इतकी गढलेली असतात की तुम्ही हातभर अंतरावर वाकून पाहिले तरी उडत नाहीत.

आता चिखलाचे. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला दख्खनच्या लाव्ह्याचे पूर्वेकडचे टोक, म्हणजे काळा बेसाल्ट. पूर्वेला रामटेक-उमरेडच्या बाजूने त्याहून कितीतरी जुने खडक. बेसाल्टची झीज होऊन सखल भागात जी काळी कपाशीची माती साचली आहे, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पाऊस पडून गेल्यावर त्या मातीत शिरलात की दर पावलाला बुटाचे वजन वाढत जाते आणि साठीतले गुडघे लगेच बोलू लागतात. म्हणून वावरातून जाऊच नका, उंचवट्याची वाट धरा. टेकडीवरचा मुरूम पाणी धरून ठेवत नाही. सर येऊन गेल्यावर थोड्याच वेळात तिथे नीट पाय रोवता येतो. सुरुवातीला सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीचे जैवविविधता उद्यान बरे. अंबाझरीला तलाव, गवत आणि झुडपे एकाच फेरीत भेटतात. तिथे जम बसला की रामटेकला अंबाळ्याच्या बाजूने गडावर चढा, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर काठी हवीच. पाण्याच्या बाबतीत मात्र यांचे ऐका. २०२३ साली २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीने वस्त्याच्या वस्त्या बुडवल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी उतरायचे नाही, आल्या वाटेने परतायचे.

वेगाचा विचार सोडा. दोन तासांत दोन किलोमीटर झाले तर ती उत्तम चाल समजा.

काटोल रोड : २०१८ साली आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला स्क्रब टायफस झाला, तो मोठ्या मुश्किलीने वाचला. तुम्ही लोकांना गवतातून फिरा असे सांगता, हे मला बेजबाबदारपणाचे वाटले. माझा मुलगा दहावीत आहे, त्याला पक्ष्यांचे वेड आहे. पाठवू की नको?

तुमचा राग मला समजतो, आणि त्याला सविस्तर उत्तर देणे माझे कामच आहे. त्या वर्षी पावसाळा सरताना नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसे दगावली. आजही या रोगाची भीती ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातच अधिक असते, म्हणजे मी ज्या दिवसांत फिरायला सांगते नेमक्या त्याच दिवसांत. म्हणून तो कसा होतो ते नीट कळले पाहिजे.

गवतात, झुडपांच्या बुडाशी, उंदीर-घुशी जिथे वावरतात तिथे एक बारीक कोळीवर्गीय किडा असतो. त्याच्या पिल्लाला चिगर म्हणतात. हे पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे, डोळ्याला जवळपास न दिसणारे. ते पायावरून वर चढते आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे, म्हणजे कमरेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे चावते. चावताना कळत नाही. त्याच्या लाळेतून ओरिएन्शिया नावाचा जिवाणू शरीरात शिरतो. ताप येतो साधारण सहा ते एकवीस दिवसांनी, आणि तोवर आपण जंगलात गेलो होतो हेच माणूस विसरलेला असतो. खरा घोळ इथे होतो. पावसाळ्यातला ताप म्हटले की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांच्याच तपासण्या होतात आणि हातचे दिवस निघून जातात. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधाने बहुतेक रोगी बरे होतात. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू असे एकेक धरत जातो. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही.

तेव्हा मुलाला पाठवा, पण पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि पँटचे पाय मोज्यात खोचलेले, असे पाठवा. दिसायला कसेही दिसो. मोज्यांवर आणि घोट्यांवर किडे पळवणारे मलम लावू द्या. वाटेवरून चालायचे, कमरेएवढ्या गवतात घुसायचे नाही. गवतावर बसायचे नाही, लोळायचे नाही, सॅक किंवा ओला रेनकोट झुडपावर टाकायचा नाही. बसायला उघडा दगड शोधावा. घरी आल्याबरोबर कपडे सरळ गरम पाण्यात आणि स्वतः साबणाने अंग घासून आंघोळ. ही आंघोळ तासाभराने नाही, आल्या पावली. आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हा गवतात फिरून आला आहे. अंगावर विडीचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली कुठे आहे का, ते कपडे उतरवून बघायला सांगा. ती प्रत्येकाला येत नाही, पण आली तर निदान तिथेच होते. लाजेपोटी जांघेतली खपली दाखवायची राहून जाते, ते होऊ देऊ नका.

गोचिडीही याच दिवसांत असतात. त्या डोळ्याला दिसतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायच्या, चिरडायच्या नाहीत.

दहावीतल्या मुलाला पक्ष्यांचे वेड असणे ही तुमच्या घरातली चांगली गोष्ट आहे. ते वेड तापाच्या धास्तीने दाबू नका.

धरमपेठ : माझी लेक इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला असते. तिकडच्या शरदात, भर पावसात ती न्यू फॉरेस्टमध्ये चालायला जाते. तिच्या फोटोंत झाडांपेक्षा मोकळे, जांभळट झुडपांचे माळच जास्त दिसतात. तिकडे त्याला हीथ म्हणतात. ती म्हणते, आई, आपल्याकडे असे काही नाही, नुसती पडीक जमीन असते. खरे आहे का?

हे पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण या विषयावर मला कधीपासून लिहायचे होते.

आधी तिकडचे. न्यू फॉरेस्ट इंग्लंडच्या राजाने १०७९ च्या सुमारास शिकारीसाठी राखून ठेवले. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. ओक आणि बीचची दाट झाडी आणि तिच्या मधेमधे उघडे माळ, अशी त्याची घडण आहे. माळावर हेदर नावाचे गुडघ्याएवढे झुडूप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळे फुलते, काटेरी गॉर्सला पिवळी फुले असतात आणि ब्रॅकन नावाचा नेचा शरदात तांबूस होतो. तिथली माती रेताड, आम्लधर्मी आणि पार धुऊन निघालेली. पिकाला निकामी. पण ते माळ आपोआप टिकलेले नाहीत. आसपासच्या गावकऱ्यांचे पिढीजात चराईचे हक्क आहेत, त्यांची घोडी आणि गुरे तिथे वर्षभर चरतात, म्हणून बर्च आणि पाइनची रोपे माळावर शिरजोर होत नाहीत. शरदात तर तिथे डुकरे सोडतात, ओकची पडलेली हिरवी फळे खाऊन टाकायला. कारण ती फळे घोड्यांना आणि गुरांना बाधतात. तुमच्या लेकीला विचारा, तिला ती डुकरे नक्की भेटली असतील.

आता आपले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत 'झुडपी जंगल' असा एक जमिनीचा प्रकार आहे. महाराष्ट्रात इतर कुठे तो नाही. जुन्या मध्य प्रांतातून हा मुलूख १९५६ साली मुंबई राज्यात आला, त्याबरोबर ही नोंदही आली. मुरमाड, खडकाळ, नांगर न लागणारी, गावाच्या गुरांसाठी सोडलेली जमीन, असा तिचा अर्थ. सगळी मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर. तिच्यावरून कित्येक दशके वाद चालला: जंगल म्हणायचे की नाही, घरे-रस्ते बांधायचे की नाही. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानल्या जातील असे सांगितले. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारने दिलेल्या जागांवर बसलेल्यांसाठी सवलतीचा मार्गही ठेवला.

निकृष्ट माती, चरणारी गुरे आणि त्यातून टिकलेला उघडा माळ. दोन्हीकडे निसर्गाने आणि गावाने मिळून केलेले काम एकच आहे. फरक झाडांचा. हेदरच्या जागी आपल्याकडे बोर, हिवर, खैर, पळसाची खुरटी झाडे, रानसीताफळ, आणि त्यांच्यामधून कुसळी गवत. या माळावर तितर ओरडतात, टिटवी अंगावर धावून येते, चंडोल आभाळात चढत गातो. थंडीचे पाहुणे इथेच आधी उतरतात. सप्टेंबरात धोबी पक्षी येतात, आणि त्यानंतर गवतावरून खालून-खालून तरंगत जाणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी. झाडी लावून 'सुधारलेल्या' माळावर यातले काहीच राहत नाही. झुडपी जमिनीवर खड्डे खणून हजारो रोपे लावण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. तितराला झाडी नको असते, माळ हवा असतो.

एक गोष्ट तर दोन्हीकडे अगदी सारखी. इंग्लंडच्या ओल्या हीथवर ड्रॉसेरा नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या बहिणी आपल्या पूर्व विदर्भातल्या ओलसर, हलक्या जमिनींवर पावसाळ्याच्या शेवटी सापडतात. मराठीत तिला दवबिंदू म्हणतात. गुडघे टेकून जमिनीशी नाक न्याल तेव्हाच दिसेल. लालसर पान, त्यावर केसांसारखे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. दुपारच्या उन्हातही तो थेंब वाळत नाही. त्यावर चिलट बसले की अडकते आणि भोवतालचे तंतू हळूहळू त्याच्याकडे वळतात. मातीत नायट्रोजन नाही, म्हणून तो किड्यांतून मिळवायचा. ही वनस्पती जिथे आहे ती जमीन पडीक नव्हे, हे लेकीला माझ्यातर्फे सांगा. आणि एक सावधगिरीही कळवा: तिकडच्या ब्रॅकनमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा रोग होतो. मोजे तिनेही पँटवर ओढायचे.

हिंगणा : आमच्या बाजूला सागाचे रान आहे. सप्टेंबरच्या शेवटी, भर ओलीत, अख्खी टेकडी तपकिरी पडली. रोग आहे का? वनखात्याला कळवू का?

कळवायला हरकत नाही, पण घाबरू नका. जवळ जाऊन एक गळालेले पान उचला आणि आभाळाकडे धरा. शिरा सगळ्या जागच्या जागी, मधला हिरवा भाग मात्र गायब, आणि पानातून पलीकडचे ढग दिसतात. हे एका पतंगाच्या अळीचे काम आहे. तिला सागाचा स्केलेटनायझर म्हणतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिची संख्या वाढते. शिरा तिला पचत नाहीत, म्हणून ती त्या सोडून मधलेच खाते. झाड सहसा मरत नाही, वाढ मात्र त्या वर्षी खुंटते. साग हिवाळ्यात पाने टाकणारच असतो, अळी ते काम थोडे आधी उरकते. अळ्या खायला पक्ष्यांचे थवे येतात, त्यामुळे अशा टेकडीवर सकाळी पक्षी बघायला जरूर जा. पाऊस थांबल्यावरही सागाच्या रानात बराच वेळ टपटप चालू असते, तेव्हा 'उघडला' म्हणून रेनकोट काढण्याची घाई नको.

महाल : मी इंजिनिअरिंगला आहे. आम्ही मित्र दर रविवारी जातो. परवा माळावर असताना अचानक विजा सुरू झाल्या, काय करायचे कोणालाच सुचेना. नेमके काय करावे?

बेटा, वाघ-बिबट्याच्या गोष्टी सगळे विचारतात, हा प्रश्न तू विचारलास याचा मला आनंद आहे. परतीच्या पावसातले ढग दुपारी दोननंतर बांधले जातात आणि विदर्भात दरवर्षी याच दिवसांत वावरात, झाडाखाली उभी असलेली माणसे विजेने मरतात. म्हणून माळावरची चाल सकाळी सहाला सुरू करून अकरा-बारापर्यंत संपवायची.

तरीही सापडलात तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. तेव्हा वर असाल तर खाली उतरा. एकट्या झाडाखाली, बुरुजाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ, तलावाच्या काठी थांबू नका. पक्के घर किंवा बंद काचांची चारचाकी सर्वांत सुरक्षित. दोन्ही नसेल तर सखल जागी एकमेकांपासून दूर-दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत उठायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप फोनवर घ्या, ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. पण माळावर रेंज जाते, म्हणून सेकंद मोजायची सवय ठेवच. आणि कोणाच्या अंगावर आभाळातली वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. श्वास बंद असेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करायचे. ते चौघांपैकी किमान दोघांनी शिकून घ्या.

उमरेड : वारुळावर उगवलेले टेकोडे (अळंबी) आम्ही लहानपणी खायचो. आता फिरताना दिसले तर तोडून आणावेत का?

तुम्हाला लहानपणापासून ओळख असेल आणि घरातले जाणते माणूस बरोबर असेल, तर तुमचे तुम्ही ठरवा. शहरातून आलेल्या कोणीही तोडू नयेत. विषारी अळंबी शिजवून, मीठ-हळद घालून, चांदीचे नाणे टाकून ओळखता येत नाही. काहींची उलटी-जुलाबाची लक्षणे खाल्ल्यानंतर कित्येक तासांनी दिसतात आणि तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते.

सदर : सकाळी पहिली मी चालते आणि प्रत्येक वेळी कोळ्याचे मोठे जाळे तोंडाला गुंडाळले जाते. फार किळस येते. उपाय सांगा.

काठी पुढे उभी धरून चाला, चेहऱ्यासमोर. पण काठीने जाळे फाडू नका, जरा वाकून खालून जा. आणि एकदा तरी उन्हाकडे तोंड करून ते बघा. ऑक्टोबरात आपल्याकडच्या झाडीत वाटेवर आडवे जाळे बांधणारी मोठी कोळीण म्हणजे जायंट वुड स्पायडर. तिचा धागा पिवळा असतो, उन्हात सोनेरी चमकतो, आणि बोटाने ताणला तर ताण जाणवतो इतका चिवट. मधोमध बसलेली ती मादी. पाय पसरून तळहाताएवढी. जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात नीट पाहिलेत तर तांबूस, नखाएवढे एक-दोन कोळी दिसतील. तुम्हाला ती पिल्ले वाटतील, पण ते तिचे नर आहेत. ती माणसाला धोकादायक नाही. पावसाच्या थेंबांनी भरलेले जाळे ती स्वतः धागा-धागा दुरुस्त करते, त्याला खूप वेळ लागतो. म्हणून वाकून जा म्हटले.

कामठी : गमबूट चांगले की स्पोर्ट्स शूज? आणि सापांचे काय?

गमबूट शेतकामाला चांगले. लांब चालीला ते पायात घसरतात, घाम साचतो, आणि चढावर घोट्याला आधार देत नाहीत. खोल दात्यांचा, घोट्यावर येणारा बूट घ्या, सॅकमध्ये मोज्यांचा कोरडा जोड ठेवा. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, शेगडीजवळ वाळवू नका, तळ सुटतो.

सापांना आपल्या पावलांची चाहूल जमिनीतून कळते, ते बाजूला होतात. घोणस मात्र हलत नाही. वाळक्या पानांत वेटोळे घालून पडून राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. तो आवाज आला की जागच्या जागी थांबा, कुठे आहे ते बघा, मग मागे सरा. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काही करायचे नाही. तो अवयव फळीने स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, त्यात दुसरा दंश होतो.

कळमेश्वर : मी शेतकरी आहे. तुमचे वाचक आमच्या धुऱ्यांवरून फोटो काढत हिंडतात. एक दिवस कोणी तारेला चिकटेल, मग आमच्या नावाने बोंब होईल. हेही छापा.

भाऊ, छापते आहे, आणि तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. वाचकांनो, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येते आणि रानडुकरे, रोही (नीलगाई) रात्रीत वावर लोळवून टाकतात. पीक वाचवायला काही जण सौर बॅटरीचे झटका मशीन लावतात. त्याचा झटका जोरात बसतो, पण क्षणभराचा असतो. काही ठिकाणी मात्र थेट खांबावरून वीज घेऊन साधी तार सोडलेली असते. ते बेकायदा आहे. अशा तारांनी वाघ मेले आहेत, आणि माणसेही. ओल्या जमिनीवर, ओल्या बुटांत, घोट्याच्या उंचीची ती तार गवतात दिसत नाही. म्हणून अंधार असताना धुऱ्यावर पाऊल टाकायचे नाही, पांधण सोडायची नाही, आणि कोणाच्या वावरातून जायचे असेल तर मालकाला विचारूनच. शेतात माणूस दिसला तर रामराम करा, कुठे तार आहे ते विचारा. आजवर मला कोणीही सांगायला नकार दिलेला नाही, उलट बहुतेक वेळा बांधावरचे सीताफळ हातात पडले आहे.

हाच नियम वनखात्याच्या हद्दीला लावा. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे पायी शिरायला मनाई आहे. कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, दारे जुलै ते सप्टेंबर बंद असतात आणि १ ऑक्टोबरला गाड्यांसाठी उघडतात. या दिवसांत गवत इतके वाढलेले असते की दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. अभयारण्याच्या कडेची गावे फिरायची असतील तर वनरक्षकाला विचारून, गावातला माणूस सोबत घेऊन जा.

प्रतापनगर : माळाच्या कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुले दिसली. कंद खणून घरी कुंडीत लावू का?

खणू नका. कळलावी जंगलातून ओरबाडल्यानेच कमी होत चालली आहे. शिवाय तिच्या सर्व भागांत, कंदातसुद्धा, कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर ती लावूच नये. तरीही हवी असेल तर रोपवाटिकेतून कंद घ्या, हातमोजे घालून लावा आणि कुंडी उंचावर टांगा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती जमिनीखाली झोपलेली राहते, तेव्हा वाळली म्हणून कुंडी फेकून देऊ नका.